पांढरीवरचं सारवण

१

म्युझियमला सोमवारी सुट्टी असे आणि चंद्रभागाचं खरं काम सोमवारीच असे.

"बाकीचे दिवस लोक तिकीट काढून माझा सोमवार बघत्यात," असं ती कुणालाही सांगायची आणि सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. त्यानं निदान "अरे वा" म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा असे. बहुतेक जण म्हणतही.

तोरा तिला शोभायचा, हे कबूल केलं पाहिजे. कोळवड हे कादवेच्या काठचं फुलं-भाजीपाल्याचं गाव. गावाला लागून जुन्या वस्तीचं टेकाड. माणसं राहून राहून जी माती पांढरट होते तिला आपल्याकडे पांढरी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या गावानं त्या पांढरीची माती गाड्या भरभरून मळ्यात टाकली आणि तिच्यावर कोबी न् झेंडू पिकवला. मग नव्वदच्या आसपास पुण्याहून मंडळी आली, दोऱ्या लावून चौकोन आखले आणि तीच माती बोटभर ब्रशनं झाडायला लागली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. खालून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुलीसकट, रांजणांसकट, तेव्हा हसणं थांबलं. पुढं सिंहस्थाच्या वर्षी तिथं म्युझियम झालं, तिकिटाची खिडकी झाली, सहलीच्या गाड्या यायला लागल्या, आणि कोळवडकर नाशिकला भाजी घेऊन गेले की मान जरा ताठच ठेवायला लागले.

म्युझियमची शान म्हणजे अंगणातलं घर. एक जुनं घर चांगलं शाबूत सापडलं होतं. खुदाईचा खड्डा बुजवून बरोबर त्याच जागी, त्याच मापाचं नवं घर उभं केलं होतं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, मधे चूल, कोपऱ्यात रांजण. उंबऱ्याशी दोरी बांधलेली. लोकांनी बाहेरूनच बघायचं. गवंड्यांनी भुई केली ती तडकली. पुन्हा केली, पुन्हा तडकली. तेव्हा खुदाईच्या वेळी मातीच्या पाट्या वाहणारी चंद्रभागा पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, "सरा बाजूला. हे बाईमाणसाचं काम हाय."

पांढरीचीच माती चाळून घ्यायची, ताजं शेण घालून कालवायची. मागच्या भिंतीपासून सुरुवात. उकिडवं बसून उजव्या हातानं अर्धगोल ओढत मागं मागं सरकायचं आणि उंबऱ्यातून पाठमोरं बाहेर पडायचं. आपलं पाऊल आपल्या सारवणावर पडता कामा नये. हे ज्यांना जमत नाही त्या सारवता सारवता मधेच अडकून बसतात, आणि अशा नवशिक्या सुनांच्या गोष्टी रंगवून सांगणं हा चंद्रभागाचा आवडता उद्योग होता.

त्या घराची मूळची बाई आता हॉलमध्ये काचेच्या पेटीत होती. रांजणाच्या कोपऱ्यात, भुईखाली निजवलेली सापडली होती. सगळी हाडं जागच्या जागी. फक्त दोन्ही पाय घोट्यापाशी संपलेले. त्या काळी माणूस गेलं की घरातच पुरायचे, आणि पुरताना पावलं तोडायचे. "का तोडायचे?" असं सहलीतलं एखादं पोर हटकून विचारायचं आणि म्युझियमचे प्रमुख गायधनी सर प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणायचे.

"घर सोडून जाऊ नये म्हणून," चंद्रभागा मागून सांगून टाकायची, आणि केर काढायला लागायची.

२

थंडी पडायला लागली होती. एका मंगळवारी सकाळी ती झाडू घेऊन घरापाशी आली, दोरीवरून आत डोकावली आणि ओरडली, "मेल्या केरू!"

केरू म्हणजे म्युझियमचा वॉचमन, तिच्या नवऱ्याच्या बरोबरीचा. तो मफलर सावरत आला.

"काय झालं, वहिनी?"

"काय झालं म्हणून मलाच इचार. चहाचे गिलास ठिवायला माझी भुईच घावली का तुला?"

भुईवर गोल ठसे होते. फुलपात्राच्या बुडाएवढे, ओल्या सारवणात रुतलेले आणि आता तसेच वाळलेले. रांजणाच्या कोपऱ्यातून चुलीपर्यंत गेलेले, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, आणि उंबऱ्यापासून परत.

"एवढे गिलास माझ्या बापाच्या लग्नातबी नव्हते," केरू म्हणाला. "शेळी शिरली असंल."

"शेळीचा खूर फाटका उमटतो."

"मग कुणी मुसळ टेकवीत फिरलं असंल."

"मुसळ घेऊन कोण फिरतंय इथं? तुझी बायको?"

भांडण तिथंच मिटलं, कारण दोघांनाही चहा प्यायचा होता. चंद्रभागानं शेणमातीचा काला करून ठसे बुजवले. बुजवताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती तिनं केरूला सांगितली नाही. ठसे एका ओळीत नव्हते. एक जरा डावीकडे, पुढचा जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. उंबऱ्यापाशी मात्र दोन ठसे शेजारी शेजारी होते आणि बाकीच्यांपेक्षा खोल होते. कुणी दारात बराच वेळ उभं राहून बाहेर बघत असलं तर असे उमटतील, असं तिच्या मनात आलं. पण बाहेर बघायला होतं काय? तिकिटाची खिडकी, पार्किंग, आणि पलीकडे सावळीरामचा, म्हणजे तिच्याच नवऱ्याचा झेंडूचा मळा.

पुढच्या मंगळवारी ठसे पुन्हा होते.

३

गायधनी सर रागावणारे गृहस्थ नव्हते. ते रागावत नसत म्हणूनच त्यांचं बोलणं लागायचं.

"चंद्रभागाबाई, महिनाअखेरीला दिल्लीची मंडळी पाहणीला येतायत. त्यांच्या शब्दावर पुढचं सगळं अवलंबून आहे. भुईला असे खळगे दिसले तर कसं व्हायचं? मी म्हणतो, सिमेंटचा कोबा करून घेऊ आणि वर मातीचा रंग देऊ. उंबऱ्यावरून बघणाऱ्याला काही कळणार नाही."

"मला कळंल ना, सर."

"तुम्हाला कळेल हो."

"मग?"

चंद्रभागाला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त तिला भीती वाटली होती. गेल्या दिवाळीत तिच्या समाधाननं घरात चकचकीत फरशी बसवून घेतली होती. अंबडच्या कंपनीत लागल्यापासून त्याला घरातल्या शेणाचा वास यायला लागला होता. "आई, आता किती दिवस शेणात हात घालणार?" असं तो म्हणाला, आणि सून दीपमाला काही बोलली नाही तरी तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. चंद्रभागा रुसून मळ्यात जाऊन बसली. पण उपाशी किती बसणार? शेवटी त्याच फरशीवर मांडी घालून जेवली. आता सगळ्या मुलखात तिच्या हाताला ही एकच भुई उरली होती. ही गेली की चंद्रभागाचा हात म्हणजे नुसता भाकरी थापायचा हात.

"मला तेवढा दिवस बघू द्या," ती म्हणाली. "पाव्हण्यांनी नाक मुरडलं, तर घाला तुमचं शिमिट. मी एक शब्द बोलणार नाय."

सरांनी मान डोलावली.

त्या दुपारी ती दोरी ओलांडून आत गेली आणि हातातली एक बांगडी काढून ठशावर ठेवली. चपखल बसली. मग ती बांगडी घेऊन ती आवारभर फिरली. चहाचा ग्लास लहान पडला. केरूची काठी फारच लहान. बादलीचं बूड केवढं तरी मोठं. फिरता फिरता ती हॉलमध्ये आली आणि पाय दुखले म्हणून काचेच्या पेटीला टेकून खाली बसली. बांगडी हातातच होती. सहज म्हणून तिनं ती आपल्या पायाला लावून बघितली, घोट्याच्या जरा वर, जिथं पाय सगळ्यात बारीक असतो. तेवढाच घेर भरला.

चंद्रभागानं मान वर केली. काचेपलीकडे त्या बाईच्या पायांची हाडं तिच्या डोळ्यांसमोरच येत होती. संपत होती तिथपर्यंत.

असं कुठं असतं का, ती स्वतःलाच म्हणाली. बांगडी काय, कशालाही बसेल. हाडं पेटीत आहेत, पेटीला कुलूप आहे, कुलपाची किल्ली सरांच्या टेबलात आहे. हे सगळं खरंच होतं. पण बांगडी परत हातात घालताना ती वाढली, आणि काच गोळा करताना तिनं पेटीकडे पाठ केली नाही.

४

पाहुणे यायच्या दिवशी ती उजाडताच आली. सूर्य वर यायच्या आत सारवायचं, म्हणजे पाहुणे येईपर्यंत भुई वाळते, असा तिचा हिशेब होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात शेणाची पाटी. केरूनं फाटकाचं कुलूप काढलं आणि तो शेकोटीपाशी परत गेला.

घराच्या दारात तिच्या हातातली बादली तशीच राहिली. भुई सारवलेली होती.

आणि कशी सारवलेली! चंद्रभागानं उभ्या आयुष्यात कुणाच्या कामाला मनापासून चांगलं म्हटलं नव्हतं. पण इथं तिचं तोंडच बंद झालं. एका अर्धगोलात दुसरा अर्धगोल असा मिसळला होता की सांधा कुठं सापडत नव्हता. भिंतीच्या कडेनं हातभर पट्टा सरळ ओढलेला. चुलीच्या पायथ्याला बोटांची नक्षी. अर्धगोल मात्र उलटे होते, डावखुऱ्या हाताचे. कोळवडात डावखुरी सारवणारी एकही बाई तिच्या माहितीत नव्हती.

ओल्या भुईचा वास येत होता. ती दोरीला धरून बघत राहिली आणि तिला दुसरी गोष्ट दिसली. कोणता हात आधी फिरला आणि कोणता नंतर, हे सारवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. हे सारवण उंबऱ्यापासून सुरू झालं होतं. उंबऱ्यापासून मागं सरकत सरकत ते आत गेलं होतं, आणि रांजणाच्या कोपऱ्यात संपलं होतं. तिथं पाटाएवढी जागा कोरडी होती. त्या कोपऱ्यातून बाहेर यायला दुसरी वाट नव्हती, आणि ओल्या भुईवर एकही ठसा नव्हता.

"केरू," तिनं हाक मारली, "रात्री कोण आलं होतं?"

"कोण येणार? कुलूप तुमच्यासमोरच काढलं."

पाहुणे आले. त्यांच्यात पांढऱ्या केसांची एक बाई होती, तिला सगळे फार मान देत होते. ती उंबऱ्याशी आली, दोरीपाशी चक्क गुडघ्यावर बसली, आणि उंबऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भुई निरखत राहिली. गायधनी सरांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता.

"ये किसके हाथ का काम है?" बाईंनी विचारलं.

सर्वांनी चंद्रभागाकडे पाहिलं. तेव्हा खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? आणि खोटं न बोलता गप्प राहिली असती, तर सिमेंटची पोती दारात येऊन पडली असती. पण एवढा सगळा विचार तिनं केला असं म्हणणं म्हणजे तिला उगाच शहाणपण चिकटवणं होईल. कौतुक समोर आलं आणि तिची मान आपोआप वर झाली.

"मेरा," ती म्हणाली. "मेरे हाथ का."

टाळ्या वाजल्या. आत, रांजणाच्या कोपऱ्यात, छपराचं गवत सळसळलं. त्या दिवशी वारा पडलेला होता.

५

सिमेंटचा विषय संपला. उलट गायधनी सरांनी घराशेजारी पाटी लावून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं: "या घराची भुई : सौ. चंद्रभागा सावळीराम विधाते." नाशिकहून नातेवाईक आले तेव्हा तिनं त्यांना चहाच्या आधी पाटी दाखवली. सावळीरामला सायकलवरून आणून पाटीसमोर उभं केलं. तो बिचारा अक्षरं लावत वाचत होता, ती मधेच म्हणाली, "वाचायला एवढा येळ? तुमचंबी नाव हाय त्यात."

पुढच्या मंगळवारी पाटीवरचं नाव गेलं होतं. वरचे शब्द तसेच होते. फक्त नावावर शेणमातीचा एक हात फिरलेला.

चंद्रभागानं पाटी धुतली आणि तरातरा वत्सलाबाईच्या दारात गेली. वत्सलाबाई म्हणजे तिची चुलत जाऊ. चंद्रभागाचं काही चांगलं झालं की हिला ताप येतो, असं गावात बोललं जाई.

"दुसऱ्याचं नाव पुसल्यानं आपलं लिवलं जात नाय," चंद्रभागा अंगणातून म्हणाली.

"मला काय धंदे नाय का गं?" वत्सलाबाई मिरच्या खुडत म्हणाली. "आणि एवढी येतेच तर सांग, त्या पाव्हण्यांच्या दिवशी सारवलं कुणी? माझ्या सुनेनं ती भुई बघितली. म्हणली, हात डावा होता."

चंद्रभागा तशीच परत फिरली. भांडणातून ती अशी कधी परत फिरली नव्हती.

पाटी पुन्हा पुसली गेली. मग तिनं तो हात नीट बघितला. एकच अर्धगोल, सफाईदार, डावीकडे वळलेला. ही वळणं तिनं आधी बघितली होती आणि कधी, कुठं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. जिनं काम केलं तिला ते स्वतःच्या नावावर नको असेल असं कशावरून, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तो जोरात झटकला. मेलेल्या माणसाला कुठं नावाचं पडलेलं असतं, ती म्हणाली. पण पाटी धुताना नाव मात्र तिनं हळूच धुतलं, कुणाला राग येऊ नये अशा बेतानं.

६

त्या सोमवारी ती दुपारच्या उन्हात सारवायला बसली. लख्ख ऊन होतं, फाटकाशी केरूचा ट्रान्झिस्टर वाजत होता, आणि असल्या वेळी माणसाला कशाची भीती वाटायचं कारण नव्हतं. मागच्या भिंतीपासून तिनं सुरुवात केली. रांजणाचा कोपरा पटकन उरकला. अर्धगोल, अर्धगोल, मागं. अर्धगोल, मागं. हात चालायला लागला की तिला बाकी काही सुचत नसे. गाणं मनात म्हणत ती चुलीपर्यंत आली.

तेव्हा तिला कळलं की आवाज दोन येतायत.

ओल्या भुईवरून तळहात फिरतो तेव्हा जो आवाज होतो तो तिच्या हाताचा होता. आणि तिचा हात थांबला तरी तो होत होता. तिच्या मागं, उंबऱ्याच्या बाजूला. हात फिरला. मग कुणी जरासं मागं सरकलं. पुन्हा हात फिरला.

केरूनं ट्रान्झिस्टर बंद केला असावा, कारण आता दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मागं वळून बघायचं नाही, हे तिनं कुणी न सांगता ठरवलं. वळून बघितलं की जे असेल ते खरं होईल. त्यापेक्षा हातातलं काम बरं. तिनं हात चालू ठेवला, पण काम करायचं म्हणजे मागं सरकायचं, आणि मागून ती दुसरीही मागं सरकत येत होती. दोघींच्या मधली कोरडी जागा अंथरुणाएवढी होती, मग पाटाएवढी झाली.

तिला पळता आलं असतं. दार तिथंच होतं. पण दारापर्यंतची सगळी भुई आता ओली होती, आणि ओल्या सारवणावर पाऊल टाकायचं? चंद्रभागानं? मरणाच्या भीतीनंही तिचा पाय उचलला गेला नाही. हसा पाहिजे तर, पण ती तशीच होती.

तिनं मान खाली घालून आपल्या खाकेखालून मागं बघितलं. मातीच्या रंगाचं लुगड्यासारखं काहीतरी, त्याचा ओला काठ. काठाखाली दोन पाय, बाईमाणसाचे, राखेनं खरखरीत झालेले. घोट्यापर्यंत. घोट्यांच्या पुढं नुसती कोरडी भुई होती.

तिनं डोळे मिटले. हात फिरायचा आवाज थांबला. मग तिच्या पाठीला पाठ लागली आणि हळूहळू भार आला. मळ्यात काम उरकल्यावर बायका बांधावर पाठीला पाठ लावून टेकतात, तसा. पाठ थंड होती, पण दमलेली होती, हे चंद्रभागाला लुगड्यातून कळलं.

"लय चांगलं सारवता तुम्ही," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं म्हणून सांगितलं. तुमचं होतं."

भार तसाच राहिला.

"वहिनी!" दोरीपलीकडून केरूची हाक आली. "चहा टाकला. आवो, हे काय! मधोमध अडकून बसल्या? नव्या सुनेवानी?" तो हसून हसून वाकला. "गावाला सांगतो आता."

"सांग," चंद्रभागा डोळे न उघडता म्हणाली. "वाळल्याबिगर मी उठणार नाय."

"एकट्याच बसा मग," तो म्हणाला आणि गेला.

ऊन दारातून आत आलं, भुई वाळत गेली. पाठीवरचा भार कधी उठला ते तिला कळलं नाही. ती उठली तेव्हा घरात कुणी नव्हतं. अर्धी भुई उजव्या हाताची, अर्धी डाव्या हाताची, आणि मधे जिथं त्या बसल्या होत्या तेवढा तुकडा उघडा. चंद्रभागा जपून चालत उंबऱ्यापर्यंत आली. कुणाच्याही घरातून निघताना आपण जसं वळतो, तशी ती वळली, आणि जन्माच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येते हं. तुम्हीबी या एकदा आमच्याकडं."

बोलली आणि जीभ चावली.

पाटीपाशी येऊन तिनं बादलीतला उरलेला काला हातात घेतला आणि आपल्या नावावर स्वतःच एक हात फिरवला. छातीत दुखलं. खोटं कशाला सांगा, फार दुखलं. पण हात नेहमीसारखाच सफाईदार फिरला.

७

केरूकडे ती बराच वेळ बसली. चहा झाला, पुन्हा झाला. घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. सावळीराम फुलं घेऊन नाशिकला गेलेला, समाधानची पाळी संपायची होती. अंगणात दीपमाला तिचीच वाट बघत उभी होती.

"आई, कुठं होता? तुमच्याकडं बाई आल्यात. मघापासून आत बसल्यात."

"कोण बाई?"

"मला वाटलं तुमच्या ओळखीच्या. मी तुळशीला पाणी घालत होते, वळून बघितलं तर दारात उभ्या. लुगडं पार मातीनं भरलेलं. मी म्हटलं पांढरीवर कामाला असतील." दीपमालानं आवाज खाली केला. "बोलत काहीच नाहीत. चहा नको, पाणी नको. आणि आई, पायावर घ्यायला तांब्या दिला, तर हातानंच नको म्हणाल्या."

तांब्या पायरीवर होता, काठोकाठ भरलेला. पायरीपासून आत, समाधानच्या चकचकीत फरशीवर, ओल्या मातीचे गोल ठसे गेले होते. एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे.

चंद्रभागाला आधी भीती वाटायला हवी होती. आधी वाटली ती लाज. एवढी मोठी सारवणारी बाई आपल्या घरी पहिल्यांदा आली, आणि आपण तिला ही असली फरशी दाखवली.

"शेणाची पाटी कुठंय?" तिनं विचारलं. "सकाळी गोठ्याशी ठेवली होती ना?"

"होती खरी," दीपमाला इकडेतिकडे बघत म्हणाली. "आत्ता इथंच होती."

आतल्या अंधारातून आवाज सुरू झाला. ओल्या भुईवरून तळहात फिरतो तो. जरा थांबून, मागं सरकून, पुन्हा. दीपमाला दिवा लावायला म्हणून पुढं निघाली, तसा चंद्रभागानं तिचा हात धरला.

"ओलं हाय," ती म्हणाली. "आत पाऊल टाकू नको."

मग तिनं पदर सारखा केला, चपला काढल्या, आणि आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "येऊ का आत?"